पहिल्या बाकावरची मान

घरात तिला सगळेच ताई म्हणायचे. धाकटा भाऊ म्हणायचा ते ठीक, पण आईही म्हणायची, बाबाही म्हणायचे. शेजारचे आजोबा, ज्यांच्या तोंडात स्वतःचा एकही दात उरला नव्हता, तेसुद्धा कुंपणावरून हाक मारायचे, "ताई, जरा बघ गं, हा टीव्ही का लागेना!" आणि ताई जाऊन बघायची. पाण्याची मोटर बंद पडली, ताईला विचारा. आईच्या गोळ्यांतली कुठली जेवणाआधी आणि कुठली नंतर, ताईला विचारा. धाकट्याचं गणित अडलं, बाबांच्या मोबाइलवर काहीतरी भलतंच उघडलं, ताईला विचारा. बरं, पोरगी हुशार होती, तिला बहुतेक गोष्टी यायच्याच. जे यायचं नाही त्यालाही ती "बघते मी" असं इतक्या ठसक्यात म्हणायची की विचारणारा निश्चिंत होऊन झोपायला जायचा.

अशा घरात वाढलेल्या माणसाला एक खोड लागते. "मला माहीत नाही" हे शब्द जिभेवर येतच नाहीत. ताईला विचारणारे ढीगभर होते, पण ताई कुणाला विचारणार? तिच्या वरचं असं घरात कुणी उरलंच नव्हतं. बाबा होते म्हणा, पण ते सकाळी बाहेर पडायचे ते अंगावर सिमेंट घेऊनच परत यायचे.

बाबा घरं बांधायचे. मोठ्या इमारती नव्हेत, दोन मजल्यांची, चार खोल्यांची साधी घरं. ताई वाळूच्या ढिगावर खेळत मोठी झाली, त्यामुळे बांधकामाची इंजिनिअर होणार हे ठरलेलंच होतं. ती परदेशातल्या विद्यापीठात शिकायला जाणार हे मात्र ठरलेलं नव्हतं. तिथून होकार आला आणि घरात सल्ल्यांचा नुसता पूर आला. आत्या म्हणाली, लोकरीचे मोजे ने. शेजारीण म्हणाली, कुणावर चटकन विश्वास टाकू नकोस, आणि लगेच, तिथे माझा एक भाचा असतो त्याला भेट, म्हणाली. सगळ्यात वजनदार सल्ला काकांचा. काका आयुष्यभर शाळेत मास्तर होते. त्यांनी ताईला समोर बसवलं आणि म्हणाले, "हे बघ, परदेश असो नाहीतर आणखी काही, मास्तर म्हणजे मास्तरच. पहिल्या बाकावर बसायचं, त्याच्या डोळ्यांत बघायचं आणि अधूनमधून मान डोलवायची. मान डोलावणाऱ्या पोरावर मास्तर कधी चिडत नाही. लिहून घे."

ताईने लिहून घेतलं नाही, कारण तिला ते तोंडपाठ झालं होतं. आणि इथेच घोळ झाला.

विद्यापीठातला तो वर्ग चांगला ऐसपैस होता, मागे चढत जाणाऱ्या बाकांचा. ताई पहिल्या रांगेत, बरोब्बर मध्ये बसली. तिच्या मागच्या तीन रांगा रिकाम्या, मग बाकीची पोरं. ती सगळी आपापल्या लॅपटॉपमागे अशी दडलेली की फक्त डोक्यांवरचे केस दिसायचे. त्यांत एक झोपाळू होता. तो झोपायचा तेसुद्धा इतक्या मन लावून की त्याच्या आजूबाजूचे आवाज कमी करायचे. शिकवायला होत्या एक बाई. त्यांच्या दोन्ही बाह्यांना कायम खडू लागलेला, म्हणून पोरं पाठीमागे त्यांना खडूबाई म्हणायची. ताई मात्र नुसतं बाईच म्हणायची. बाई फळ्यावर एक आडवी रेघ काढायच्या, म्हणजे बीम, वरचं वजन पेलणारी तुळई. त्याच्यावर बाण काढायच्या, म्हणजे वजन. आणि मग त्या बाणांतून जे गणित निघायचं ते थेट ताईच्या डोक्यावरून भुर्रकन मागच्या रिकाम्या रांगांत जाऊन बसायचं.

भाषेची अडचण म्हणाल, तर ती नव्हती. शब्द सगळे कळत होते, फक्त त्यांचं काय करायचं ते कळत नव्हतं. पहिल्या दिवशी एक पायरी सुटली आणि मग प्रत्येक दिवस त्या सुटलेल्या पायरीवर उभा. बाई मध्येच थांबायच्या, वर्गाकडे बघायच्या आणि विचारायच्या, "कळतंय ना?" ताई त्यांच्या डोळ्यांत बघून मान डोलवायची. बाई खूश होऊन फळा पुसायच्या.

मग आता ही पोरगी बाहेर आल्यावर तरी कुणाला विचारेल की नाही? छे! तिच्या खोलीतली दुसरी मुलगी तिच्याच वर्गात होती. इतकी उंच की तिचे पाय पलंगाबाहेर यायचे आणि तिने पायांसाठी पुढे एक खुर्ची ठेवली होती. ताईने तिचं नाव लंबी ठेवलं, लंबीला ते आवडलं, आणि तीही ताईला ताईच म्हणायला लागली. एकदा लंबीने सरळच विचारलं, "ताई, तो आजचा भाग कळला का गं तुला? तू तर भारी मान हलवत होतीस."

"हो, म्हणजे, सोपाच होता," ताई म्हणाली. वर आणखी म्हणाली, "तुला काही अडलं तर सांग हं."

कपाळावर हात मारावा की नाही, सांगा!

पहिली चाचणी झाली आणि ताई सपशेल नापास झाली. पेपरावर नावं नसायची, नुसते क्रमांक, त्यामुळे कुणाचा पेपर कोणता ते बाईंनाही कळायचं नाही. पण विद्यापीठाच्या कचेरीला कळायचं. कचेरीतून ताईला गोड शब्दांत सांगण्यात आलं की आता बीमच्या प्रात्यक्षिकात ती पास झाली तर ठीक, नाहीतर या अभ्यासक्रमातून नाव कमी होईल. नाव कमी झालं की व्हिसा संपला, आणि व्हिसा संपला की बॅग भरायची. ताईच्या तोंडचं पाणी पळालं. त्याच संध्याकाळी आईचा फोन आला, "कसं चाललंय गं?" ताई म्हणाली, "एकदम मस्त."

प्रात्यक्षिक असं होतं. दोघांनी मिळून एक छोटं काँक्रीटचं बीम करायचं, हातभर लांबीचं. साच्यात सळया बांधायच्या, काँक्रीट ओतायचं, ते मुरू द्यायचं. मग ते यंत्रात ठेवून वरून दाबायचं, मोडेपर्यंत. पण त्याआधी फळ्यावर लिहून ठेवायचं की हे किती वजनाला मोडेल. आकडा जवळपास आला तर पास. ताईची जोडीदार लंबीच होती आणि लंबीचा ताईवर पूर्ण भरवसा. साहजिकच आहे, पहिल्या बाकावरची पोरगी!

आकडा काढायचा म्हणजे तेच बाणांचं गणित. ताईने वहीवर बरीच उलटसुलट आकडेमोड केली, शेवटी जो आकडा दिसायला बरा वाटला तो ठेवला, आणि मनाशी म्हणाली, आकड्याचं जाऊ दे, बीम तर दणकट करू. दणकट बीमला नापास कोण करील? तिने बाबांना फोन लावला. नापासाचं अर्थातच बोलली नाही. नुसतं विचारलं, "बाबा, बीम मजबूत करायचं तर काय करता तुम्ही?"

बाबांना केवढा आनंद! पोरीने पहिल्यांदाच त्यांच्या धंद्यातलं काही विचारलं होतं. "अगं, त्यात काय आहे? सांगतील त्यापेक्षा दोन सळया जास्त टाकायच्या. सिमेंटला हात आखडायचा नाही. मी कायम जास्तच टाकतो. रात्री शांत झोप लागते."

ताईने दोन नाही, चार टाकल्या. साच्यात सळयांची अशी दाटी झाली की काँक्रीट आत जाईना. लंबी डब्याने ओतत होती आणि ताई काठीने ढोसत होती. "एवढ्या लागतात?" लंबीने विचारलं. "आमच्याकडे असंच करतात," ताई म्हणाली. मग लंबीने डबा पुन्हा भरला.

तपासणीच्या दिवशी प्रयोगशाळेत सगळे गोल करून उभे. यंत्र चालवणारे गृहस्थ जाडजूड मिशांचे होते, ताईने मनातल्या मनात त्यांना मामा करून टाकलं होतं. एकेकाचं बीम येत होतं, कुरकुरत होतं, खालच्या अंगाला भेगा पडत होत्या, हळूहळू वाकत होतं आणि शेवटी मोडत होतं. मग ताईचं आलं. मामांनी दाब वाढवला. काही नाही. आणखी वाढवला. डोळ्यांना दिसेल अशी एक भेग नाही. फळ्यावर लिहिलेला आकडा केव्हाच मागे पडला. पोरं शिट्ट्या वाजवायला लागली. झोपाळूसुद्धा जागा होता. ताईची मान ताठ होत गेली आणि तिला काकांची, बाबांची, सगळ्या गल्लीची आठवण आली. आणि धडाम! बीम एकदम फुटलं. इशारा नाही, काही नाही. काँक्रीटची ढलपी उडून मामांच्या चहात पडली. सगळे दोन पावलं मागे सरले.

बाई पुढे आल्या. तुकडे उचलून पाहिले. "मजबूत होतं," त्या म्हणाल्या. ताईने मान डोलावली. "पण तू लिहिलेला आकडा कुठे आणि हे कुठे! आणि दुसरं असं, की बीमने आधी भेगा दाखवायला हव्यात. घरातल्या माणसांना कळायला हवं की याला झेपत नाहीये, बाहेर पडा. लोखंड असं कोंबलं की ते काहीच सांगत नाही, एकदम जातं. पुन्हा कर. तीन आठवड्यांनी तपासू. या वेळी आकडा जमला नाही तर मग माझ्या हातात काही उरणार नाही."

त्या रात्री ताई रडली. उशीत तोंड खुपसून रडली, लंबीला ऐकू जाऊ नये म्हणून. लंबीला अर्थात ऐकू गेलं. पण लंबीला वाटलं, हिला बीम फुटल्याचं वाईट वाटतंय. एवढी सोन्यासारखी मैत्रीण हाताच्या अंतरावर, आणि आमची ताई उशीला सांगतेय!

बाई आठवड्यातून एकदा, जेवणाच्या सुट्टीनंतर, आपल्या खोलीचं दार उघडं ठेवून बसायच्या. कुणालाही काहीही विचारायला यायची मुभा होती. ताई तिकडे कधी फिरकली नव्हती. तिच्या शाळेत बाईंच्या खोलीत जायचं म्हणजे एकतर छडी खायला, नाहीतर घरून कुणाला तरी बोलावून आणायला. पण आता पाणी गळ्याशी आलं होतं. ती त्या दारावरून तीनदा गेली. चौथ्या वेळी बाईच आतून म्हणाल्या, "आत ये, नाहीतर जमीन झिजेल."

खोलीत पुस्तकांचे ढीग, खिडकीत एक मरतुकडं झाड आणि खुर्चीवर मोडक्या बीमचा तुकडा. बाईंनी तो उचलून ताईला बसायला सांगितलं. "बोल. काय कळलं नाही?"

"तसं काही नाही, बाई. म्हणजे सगळं कळलंय. फक्त थोडंसं..."

"थोडंसं कुठलं?"

"ते शेवटचं. म्हणजे त्याच्या आधीचं पण. म्हणजे..." ताईची त त प प झाली. मग तिने डोळे मिटले आणि एका दमात म्हणाली, "बाई, मला पहिल्या दिवसापासून काही कळलेलं नाही. बीमच्या टोकांखालचा तो बाण आहे ना, तो तुम्ही खालून वर का काढता तेच मला कळलेलं नाही."

एवढं बोलून ती आता छडी येणार म्हणून वाट बघत बसली. छडी आली नाही. डोळे उघडून बघते तर बाईंचा चेहरा पांढरा पडलेला, बाह्यांच्या खडूसारखा.

"पण तू तर मान डोलवायचीस!"

"हो."

"अगं, मी तुझ्याकडे बघून शिकवत होते!" बाई उभ्याच राहिल्या. "त्या वर्गात मला चेहरा दिसतो तो एकच. बाकी सगळे त्या डबड्यांच्या मागे. कठीण जागा आली की मी तुझ्याकडे बघायचे. तू मान डोलावलीस की समजायचे, पोचलं, चला पुढे. कधी कधी तर वाटायचं, हिला कंटाळा येतोय, जरा वेग वाढवू. आणि चाचणीत सगळ्यांचेच मार्क पडले तेव्हा मी म्हटलं, पोरं अभ्यास करत नाहीत!"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. आधी बाईंना हसू फुटलं. त्यांनी तोंडावर हात धरला, पण उपयोग झाला नाही. मग ताईला फुटलं. इतक्या हसल्या दोघी की समोरच्या खोलीतले गृहस्थ उठून आपलं दार लावून बसले. डोळे पुसत बाई म्हणाल्या, "अख्खा वर्ग बुडवलास गं तू, एका मानेने." आणि "वजन खाली ढकलतं, भिंत वर ढकलते," असं म्हणत खडू घेऊन त्यांनी पहिला बाण काढला. खालून वर.

एका बैठकीत सगळं कळलं असं नाही, आणि मी तसं सांगणारही नाही. पण पहिली पायरी मिळाली. निघताना बाई म्हणाल्या, "उद्या वर्गात कळलं नाही तर काय करशील?" ताईने सवयीने मान डोलावली आणि जीभ चावली.

दुसऱ्या दिवशी वर्गात कठीण जागा आली. बाई थांबल्या आणि त्यांनी पहिल्या बाकाकडे पाहिलं. ताईची मान आपणहून खाली जायला लागली. आता सवय म्हणजे सवय! ताईने चक्क हाताने स्वतःची हनुवटी धरून ठेवली. दुसरा हात वर केला. "बाई, मला नाही कळलं."

लॅपटॉपमागून एकेक डोकं वर यायला लागलं. मग मागून झोपाळूचा आवाज आला, "मला पण नाही." मग आणखी एक हात वर झाला, मग तिसरा, मग लंबीचा, आणि लंबीचा हात वर गेला की तो सगळ्यांना दिसायचाच. लंबी ओरडलीच, "ताई! म्हणजे तुलाही येत नव्हतं? अगं, तुझ्यामुळे आम्ही सगळे स्वतःला ढ समजत होतो!" केवढा हशा पिकला म्हणून सांगू! बाईंनी फळा पुसला आणि पहिल्या धड्यापासून परत सुरुवात केली.

नवं बीम करायला घेतलं तेव्हा खोलीतल्या टेबलाशी ताई, लंबी आणि मदतीला आलेला झोपाळू अशी तिघं बसली. झोपाळू जागा असला की गणितात भलताच पक्का निघाला. ताई पदोपदी विचारायची, "हे का?" आधी दबकत, मग बिनधास्त. शेवटी झोपाळू म्हणाला, "तू मान हलवायचीस तेच बरं होतं." या वेळी सळया मोजक्या टाकल्या आणि काँक्रीट सुखाने आत गेलं. आकडा तिघांनी तीनदा तपासला.

तपासणीला यंत्राभोवती पुन्हा तेच कोंडाळं. मामांनी आधी आपला चहा लांब नेऊन ठेवला. दाब वाढला. ताईने लंबीचा हात असा आवळला की लंबी ओय म्हणाली. आणि खालच्या अंगाला, अगदी मधोमध, एक बारीक भेग दिसली. "भेग पडली!" ताई ओरडली. स्वतःच्या बीमला भेग पडली म्हणून नाचणारी इंजिनिअर तुम्ही पाहिली नसेल. मग दुसरी भेग, तिसरी, बीम कुरकुरलं, वाकलं, आणि फळ्यावरच्या आकड्याच्या अगदी जवळ येऊन मोडलं. बाईंनी आकडा पाहिला, मोडलेलं बीम पाहिलं आणि वहीत बरोबरची खूण केली. ताईचा जीव भांड्यात पडला. ती तिथेच, धुळीत, मटकन खाली बसली.

खाली बसूनच तिने घरी फोन लावला. सगळे होते. आईने फोन मोठ्या आवाजावर टाकला. "कसं चाललंय गं?"

"आई, मी पास झाले. पण आधी नापास झाले होते. जवळजवळ परतच येणार होते. मी तुम्हाला सांगितलं नाही."

मग आई म्हणाली, "एकटीच रडलीस?" धाकटा म्हणाला, "ताई नापास?" त्याच्या आवाजात असा आश्चर्याचा आनंद होता की ताईला रागही आला आणि हसूही.

मग तिने सगळं सांगितलं. मान, बाई, झोपाळू, आणि ते पहिलं बीम, जास्तीच्या सळयांचं, ते कसं काही न सांगता एकदम फुटलं. ते सांगताना मात्र ती अडखळली, कारण बाबा ऐकत होते. मग त्यांनी फोन आईच्या हातातून घेतला असावा, कारण आवाज जवळ आला.

"ताई, मी जास्त का टाकतो सांगू? किती पुरतात ते मला माहीत नसतं. कुणाला विचारायची लाज वाटली म्हणून टाकत गेलो." आणि लगेच म्हणाले, "उद्या नव्या घराच्या बीमच्या सळया बांधायच्या आहेत. मग आता किती टाकू गं?"

सगळं घर फोनला कान लावून होतं. ताईच्या ओठांवर "बघते मी" आलं होतं, ठसक्यात. ते तिने गिळलं.

"मला माहीत नाही, बाबा. अजून येत नाही मला. उद्या बाईंना विचारते. तुम्हीही तिकडे एखाद्या इंजिनिअरला विचारा."

"बरं," बाबा म्हणाले. "मग उद्या काम बंद ठेवतो. विचारू दोघंही."